भाजीपाला शेतीतील रसायनकपात : सोलापूर जिल्हा

प्रमाणित सेंद्रिय शेतीकडे न वळता भाजीपाल्यावरील फवारण्या आणि रासायनिक खते गरजेपुरती ठेवण्याची पद्धत. एकात्मिक कीड व्यवस्थापन आणि एकात्मिक अन्नद्रव्य व्यवस्थापन या दोन शाखा तिच्यात एकत्र येतात. औषध वर्ज्य नसते. बाकीचे उपाय थकले की ते वापरायचे.

सोलापूर पर्जन्यछायेत येते. कोरड्या, उष्ण हवेत तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी व कोळी फोफावतात. पांढरी माशी भेंडीत केवडा आणि टोमॅटोत पर्णगुच्छ हे विषाणूजन्य रोग पसरवते. विषाणू शिरल्यावर कोणतीही फवारणी झाड बरे करत नाही, म्हणून खरी बचत रोपवाटिकेत होते : नायलॉन जाळीखालची रोपे, सहनशील वाण, कडेने मका किंवा ज्वारीच्या ओळी आणि पिवळे चिकट सापळे.

वांग्यातील शेंडे व फळे पोखरणारी अळी याहून अवघड. ती फळात शिरली की औषध तिच्यापर्यंत पोचत नाही, तरी या पिकावर फवारे पुष्कळ होतात. सुकलेले शेंडे आठवड्याला खुडून अळीसह नष्ट करणे आणि कामगंध सापळे लावणे हे उपाय मजुरी खातात. शेतकरी औषधाकडे वळतो तो बहुधा याच कारणाने, अज्ञानाने नव्हे. टोमॅटोतील फळ पोखरणाऱ्या अळीसाठी झेंडू हे सापळा पीक आहे. ५ टक्के निंबोळी अर्कासाठी ५ किलो निंबोळी पावडर रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, द्रावण १०० लिटर करतात. कडक उन्हात त्याचा प्रभाव लवकर ओसरतो. फवारणी संध्याकाळीच करावी.

कळीचा प्रश्न तोड्याचा. भेंडी, वांगी यांची तोडणी दर दोन-चार दिवसांनी चालते आणि औषधाच्या लेबलवरील प्रतीक्षा कालावधी (फवारणी आणि तोडणी यांतले किमान अंतर) अनेकदा त्याहून मोठा असतो. आज फवारलेला माल परवा बाजारात जातो. यावर कमी प्रतीक्षेचे औषध निवडणे आणि तोडा झाल्यावरच फवारणी करणे एवढेच व्यवहार्य उत्तर आहे. एकाच गटाचे औषध वारंवार मारल्यास किडी त्याला दाद देईनाशा होतात, हे वेगळे.

खतांच्या बाबतीत माती परीक्षण आणि ठिबकमधून हप्त्याहप्त्याने मात्रा हा मार्ग. जिल्ह्यातील चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत स्फुरद स्थिर होतो, लोह व जस्त पिकाला मिळत नाही. खताची पोती वाढवून ही कमतरता भरत नाही.

कीटकनाशक कायदा १९६८ चा आहे. ट्रायकोडर्मासारखी जैविक कीडनाशकेही त्याच्या कक्षेत येतात, त्यामुळे नोंदणी क्रमांक नसलेली ‘जैविक’ बाटली संशयास्पदच. मोनोक्रोटोफॉसचा भाजीपाल्यावरील वापर २००५ साली बंद झाला. मार्गदर्शन राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडून आणि मोहोळच्या कृषी विज्ञान केंद्राकडून मिळते.

बाजार समितीच्या लिलावात भाव रंग, आकार आणि ताजेपणावर ठरतो. कमी फवारलेल्या मालाला तिथे वेगळा भाव नाही, आणि प्रमाणपत्र नसल्याने सेंद्रिय म्हणून तो विकताही येत नाही. शेतकऱ्याच्या पदरात पडते ती औषधखर्चातली बचत.