पद्माकर शिवलकर : वहीबाहेरची नोंद



महागणपतीच्या या गावी इतिहासाचे व्याख्यान म्हटल्यावर आपण एखाद्या गडाची वा लढाईची अपेक्षा केली असेल. मी मात्र आज एका गोलंदाजाविषयी बोलणार आहे. इतिहास जेत्यांचाच लिहिला जातो, ही तक्रार जुनी आहे. परंतु जो वर्षानुवर्षे जिंकत राहिला आणि तरीही ज्याचे नाव मुख्य वहीत चढले नाही, त्याचे काय करावयाचे? पद्माकर शिवलकरांच्या आयुष्याने हा प्रश्न आपल्यापुढे ठेवला आहे.

शिवलकरांचा जन्म १४ सप्टेंबर १९४० चा. ते शिवाजी पार्कच्या मैदानावर वाढले आणि १९६१-६२ मध्ये प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये उतरले. त्यांची गोलंदाजी डावखुरी, संथ, फिरकीची. तिच्यात दिपविणारे काही नव्हते. पल्ला आणि दिशा सोडावयाची नाही, फलंदाजाला मोकळा श्वास घेऊ द्यायचा नाही आणि त्याच्या चुकीची वाट पाहावयाची, एवढेच तिचे रहस्य. खेळपट्टी जरा भिजून वाळू लागली की हीच साधी वाटणारी गोलंदाजी जीवघेणी ठरे.

१९७२-७३ चा रणजी अंतिम सामना मद्रासच्या चेपॉक मैदानावर झाला. मुंबईचे डाव १५१ आणि ११३ धावांत आटोपले. कोणत्याही संघाची छाती दडपावी अशीच ही धावसंख्या. पण तामिळनाडूचा पहिला डाव ८० धावांत कोसळला. त्यात शिवलकरांनी १६ धावांत ८ बळी घेतले. दुसऱ्या डावात त्यांनी १८ धावांत ५ गडी टिपले आणि तिसऱ्या दिवसाच्या पहिल्याच चेंडूवर सामना संपला. मुंबईचे ते सलग पंधरावे विजेतेपद होते.

असा गोलंदाज भारताकडून एकही कसोटी सामना खेळला नाही. का? आरंभी नाडकर्णी आणि दुर्राणी हे डावखुरे फिरकी गोलंदाज कसोटी संघात होते. पुढे १९६६ साली बिशनसिंग बेदी आले आणि १९७९ पर्यंत ६७ कसोट्यांत त्यांनी २६६ बळी घेतले. बेदी थोर होते, यात वाद नाही. परंतु एका जातीच्या गोलंदाजीसाठी संघात एकच जागा, हा हिशेब कोणी घालून दिला? प्रसन्न आणि वेंकटराघवन हे दोन्ही ऑफस्पिनर एकत्र खेळू शकत होते, हे आपण विसरता कामा नये. हरयाणाच्या राजिंदर गोयल यांच्या वाट्यालाही हेच आले. ७५० बळी आणि कसोटी एकही नाही! सुनील गावसकरांनी १९८३ च्या आपल्या ‘आयडॉल्स’ या पुस्तकात या दोघांना मानाचे पान दिले, ते उगीच नव्हे.

शिवलकरांनी मात्र हातातला चेंडू खाली ठेवला नाही. १९८७-८८ मध्ये, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, ते मुंबईसाठी पुन्हा मैदानात उतरले. एकूण १२४ सामने, ५८९ बळी, आणि प्रत्येक बळीमागे जेमतेम १९.६९ धावा! २०१७ साली क्रिकेट नियामक मंडळाने गोयल यांच्यासमवेत त्यांना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला. ३ मार्च २०२५ रोजी त्यांचे निधन झाले.

दैव म्हणून हा विषय सोडून देणे सोपे आहे. पण निवड माणसे करतात, दैव करीत नाही. तेव्हा तिचा जाब विचारणे हे इतिहासाचे कामच आहे. आणि दुसरेही एक काम आहे. आपल्या टिटवाळ्याहून रोज पहाटेची गाडी पकडून मुंबईला जाणाऱ्या माणसाची कोठे नोंद होत नाही. पण मुंबई चालते ती त्याच्यामुळे. मुंबईच्या त्या विजयपरंपरेचा इतिहास सांगताना शिवलकरांचे नाव तळटीपेत नव्हे, मजकुरात आले पाहिजे, एवढेच माझे सांगणे आहे.