साउथपॉ पवित्रा

साउथपॉ हा मुष्टियुद्धातील डावखुऱ्या खेळाडूंचा नेहमीचा पवित्रा होय. यात उजवा पाय व उजवा हात पुढे असतो, तर बलवान डावा हात हनुवटीजवळ मागे राखलेला असतो. उजव्या हाताच्या खेळाडूंचा पवित्रा याच्या नेमका उलट असून त्याला ऑर्थोडॉक्स म्हणतात. साउथपॉ खेळाडूशी लढणे अनेकांना अवघड जाते. त्याचे कारण डाव्या हातातील विशेष बळ हे नव्हे. समोरासमोरच्या पायांची मांडणी बदलल्याने ठोशांचे मार्ग बदलतात आणि या बदलाची सवय डावखुऱ्याला प्रतिस्पर्ध्यापेक्षा अधिक असते, हे खरे कारण होय.

पवित्रा
पावलांमध्ये साधारण खांद्यांच्या रुंदीइतके अंतर असते. पुढच्या उजव्या पावलाची बोटे किंचित डावीकडे वळलेली, मागच्या डाव्या पायाची टाच थोडी उचललेली आणि गुडघे सैल असतात. दोन्ही पावले एका रेषेत येऊ देत नाहीत; तसे झाल्यास बाजूने तोल जातो आणि मागचा हात कंबरेसह पुरता फिरत नाही.

पदन्यास
ज्या दिशेला जायचे त्या बाजूचे पाऊल आधी हलवावे, हा मूळ नियम आहे. पुढे व उजवीकडे जाताना उजवा पाय, मागे व डावीकडे जाताना डावा पाय आधी हलतो. पावलांची कात्री होऊ देत नाहीत.

ऑर्थोडॉक्स प्रतिस्पर्ध्यासमोर दोघांचे पुढचे पाय जवळजवळ भिडतात. अशा वेळी आपले उजवे पाऊल प्रतिस्पर्ध्याच्या डाव्या पावलाच्या बाहेरच्या बाजूस ठेवण्याचा साउथपॉ प्रयत्न करतो. ते साधल्यास त्याच्या डाव्या हाताला हनुवटीकडे जाणारा सरळ मार्ग मिळतो, आणि प्रतिस्पर्ध्याला मात्र उजवा ठोसा मारण्यासाठी आधी वळावे लागते. प्रतिस्पर्धीही हीच जागा शोधत असल्याने मुठींच्या आधी पावलांची झुंज होते. मात्र फार बाहेर गेल्यास अंतर हातचे जाते आणि प्रतिस्पर्ध्याच्या डाव्या हुकच्या टप्प्यात येण्याचा धोका वाढतो.

ठोसे
जॅब : हा उजव्या हाताने मारतात. समोरच्याचा पुढचा हात याच वाटेत असल्याने जॅब बऱ्याचदा अडतो. म्हणून पुढच्या हाताने प्रतिस्पर्ध्याची मूठ दाबणे, बाजूला सारणे किंवा खालून पोटावर जॅब मारणे, हे उपाय योजले जातात.

सरळ डावा : हा साउथपॉचा मुख्य ठोसा होय. त्याचे बळ जमिनीपासून येते : मागचा पाय चवड्यावर फिरतो, त्यापाठोपाठ कंबर व खांदा वळतो आणि शेवटी मूठ पोहोचते. तो हनुवटीवर किंवा पोटावर मारतात.

उजवा हुक : साउथपॉच्या डाव्या हातापासून दूर राहण्यासाठी ऑर्थोडॉक्स खेळाडू स्वतःच्या डावीकडे सरकतो. त्या वाटेवर हा हुक त्याला अडवतो. त्यामुळे जॅब, सरळ डावा आणि उजवा हुक ही मालिका विशेष उपयोगी ठरते.

संरक्षण आणि धोके
जो मार्ग डाव्या हाताला मोकळा मिळतो, तोच प्रतिस्पर्ध्याच्या उजव्या हातालाही मिळतो. डावा ठोसा मारल्यावर डोके मध्यरेषेवर राहिले, तर उलट ठोसा सरळ चेहऱ्यावर येतो. म्हणून ठोशाबरोबरच डोके हलवणे आवश्यक असते. यकृत शरीराच्या उजव्या बाजूस असल्याने साउथपॉचे यकृत पुढे येते आणि डाव्या हुकला सापडू शकते. उजवे कोपर बरगड्यांशी राखणे हा त्यावरील उपाय. पुढचे पाय जवळ असल्याने पाय अडखळणे व डोकी आपटून भुवई फाटणे हेही प्रकार घडतात.

दोन साउथपॉ समोरासमोर आले की रचना दोन ऑर्थोडॉक्स खेळाडूंसारखीच होते. तेव्हा नेहमीचा लाभ उरत नाही. सरावातील बहुतेक जोडीदार ऑर्थोडॉक्स असल्याने अशी लढत दोघांनाही अपरिचित वाटू शकते.

प्रशिक्षण
डावखुऱ्या मुलांना ऑर्थोडॉक्स पवित्र्यात उभे करण्याची पद्धत अनेक ठिकाणी होती. ऑस्कर डी ला होया व मिगेल कोटो हे जन्मतः डावखुरे असून ऑर्थोडॉक्स पवित्र्यात लढले. बलवान हात पुढे असल्याने त्यांचा डावा हुक प्रभावी ठरला. उलट मार्विन हॅगलर व वासिल लोमाचेन्को हे उजव्या हाताचे असूनही साउथपॉ म्हणून नावाजले. यावरून हात आणि पवित्रा यांचे नाते अपरिहार्य नाही, हे दिसते. नवशिक्या डावखुऱ्याने ऑर्थोडॉक्स प्रशिक्षकासमोर उभे राहून आरशातल्याप्रमाणे अनुकरण केल्यास त्याचा पवित्रा आपोआप साउथपॉ होतो.

उल्लेखनीय मुष्टियोद्धे
मायकेल मूरर याने 22 एप्रिल 1994 रोजी इव्हँडर होलिफील्डला हरवले आणि तो हेवीवेट गटाचा पहिला साउथपॉ जगज्जेता ठरला. पर्नेल व्हिटेकर (1984 ऑलिंपिक सुवर्णपदक), आठ वजनी गटांत जगज्जेतेपद मिळवणारा फिलिपिन्सचा मॅनी पॅकियाओ आणि 2012 चा ऑलिंपिक विजेता युक्रेनचा ओलेक्सांद्र उसिक हे अन्य प्रमुख साउथपॉ होत. भारताच्या अमित पंघालने 2018 च्या आशियाई खेळांत सुवर्णपदक आणि 2019 च्या जागतिक स्पर्धेत रौप्यपदक पटकावले.