व्हायझर : चेहरा झाकणाऱ्या वस्तूला ‘पाहण्या’चे नाव

१/ हिंगोलीहून औंढ्याच्या रस्त्याला लागलेला दुचाकीस्वार हेल्मेटची जी ‘काच’ खाली ओढतो, तिला इंग्रजीत ‘व्हायझर’ म्हणतात. वस्तू चेहरा झाकणारी, पण शब्दाचे मूळ ‘पाहणे’ या अर्थाचे. हा विरोधाभास कसा घडला?

२/ लॅटिनमध्ये ‘विदेरे’ म्हणजे पाहणे आणि ‘विसुस’ म्हणजे दृष्टी. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचे ‘विस’ झाले व अर्थ सरकून ‘चेहरा’ असा झाला. शिरस्त्राणाची चेहऱ्यापुढील झडप याच ‘विस’वरून ओळखली जाऊ लागली. इंग्रजीत हा शब्द १३०० च्या सुमारास आढळतो.

३/ या शब्दाचे कुटुंब मोठे आहे. व्हिसा, व्हिडिओ, सुपरव्हायझर ही सारी ‘विदेरे’चीच संतती. संस्कृतातील ‘विद्’, म्हणजे जाणणे, हा धातूही त्याच आदिम मुळाचा. म्हणजे वेद, विद्या आणि विद्वान हे व्हायझरचे दूरचे आप्त ठरतात.

४/ युरोपात चौदाव्या-पंधराव्या शतकांत पोलादी झडपेची शिरस्त्राणे रूढ झाली. बाण आणि भाल्यापासून चेहरा वाचे, परंतु नजर एका फटीपुरती उरे व श्वास कोंडे. म्हणून झडप बिजागरीवर वर उचलता येईल अशी केली गेली.

५/ आपल्याकडील टोपांना बहुधा अशी झडप नसे. वरखाली सरकणारी नाकावरची पट्टी आणि मानेवर रुळणारी कड्यांची जाळी असे. घोड्यावरून लढणाऱ्याला मोकळी नजर लाभे. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली शिवाजी महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत व पागोट्याखाली लोखंडी टोप घातल्याचे वर्णन इतिहासकार करतात. संरक्षण होते, पण दिसत नव्हते. चेहरा उघडाच होता. भेटीला झाकल्या चेहऱ्याने जाता येत नाही.

६/ लष्करी सलाम झडप उचलण्यातून आला, ही कथा लोकप्रिय आहे. तिला ठोस पुरावा मात्र नाही. टोपी काढून आदर दाखवण्याच्या रिवाजाचे ते संक्षिप्त रूप मानणे अधिक सयुक्तिक. हैदराबाद कंटिन्जंटची छावणी असलेल्या हिंगोलीने हा सलाम एकोणिसाव्या शतकात रोज पाहिला असेल.

७/ मराठीत ‘मुखवटा’ हा जवळचा शब्द, पण त्याचे कार्य उलट आहे. मराठवाड्यात महालक्ष्म्या मांडताना मुखवटा बसवला की देवीला चेहरा लाभतो. व्हायझर चेहरा झाकतो, तर हा मुखवटा चेहरा देतो. ‘मुखवटा फाडणे’ या प्रयोगात मात्र तोच शब्द ढोंगाचा होतो.

८/ पाहणे आणि जाणणे यांचे नाते या भूमीला नवे नाही. नरसी हे संत नामदेवांचे जन्मस्थान. औंढा नागनाथ येथे विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून पहुडले होते. देव नाही अशी जागा दाखव, तेथे पाय ठेवतो, असे ते नामदेवांना म्हणाले, ही कथा घरोघरी माहीत आहे. दृष्टी होती, तिच्यावरचा पडदा दूर झाला.

९/ मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२९ नुसार दुचाकीवर हेल्मेट बंधनकारक आहे. डोके वाचवणे हे त्याचे काम. पण ओरखडे पडलेली किंवा काळी काच रात्रीच्या रस्त्यावर दृष्टीच हिरावून घेते. तेव्हा काच निवडताना शब्दाचे मूळ आठवावे : आधी दिसले पाहिजे.