तरंगत्या बर्फाचा बांध

६ डिसेंबर १९८१ रोजी भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली गोव्याहून निघाली. पुढे १९८३-८४ साली आपण तेथे ‘दक्षिण गंगोत्री’ हे ठाणे उभारले. ते जमिनीवर नव्हते. ते बर्फावर होते आणि त्या बर्फाखाली समुद्र होता. साचत्या हिमात ते हळूहळू गाडले गेले. त्याआधीच खडकावर ‘मैत्री’ उभे राहिले होते.

हिमनदी समुद्राला मिळते तेव्हा तिचे टोक लगेच तुटत नाही. शेकडो मीटर जाडीच्या सज्जासारखे ते पाण्यावर तरंगत राहते आणि मागून येणारा बर्फ रोखून धरते. समुद्राचे पाणी गोठून होणारा सागरी बर्फ वेगळा. तो जेमतेम मीटर-दोन मीटर जाड; बराचसा हिवाळ्यात येतो, उन्हाळ्यात जातो. एवढ्याशा पापुद्र्याने काय होणार, असे कोणालाही वाटेल.

नॉर्वेचा कप्तान लार्सन १८९३ साली ‘जेसन’ जहाजातून ज्या सज्जाच्या कडेने गेला, त्याला पुढे त्याचेच नाव मिळाले. त्याचा ‘अ’ भाग १९९५ साली कोसळला. २००२ साली ‘ब’ भागाचे सुमारे ३,२५० चौरस किलोमीटर बर्फ पाच-सहा आठवड्यांत चुरा झाले. उन्हाळ्यात वितळलेले पाणी भेगांत शिरून बर्फ फाडते, हे कारण तेव्हाच कळले होते. २०१८ साली शास्त्रज्ञांनी आणखी एक दुवा जोडला. दोन्ही वेळी समोरचा सागरी बर्फ दीर्घकाळ नाहीसा झालेला होता. तो असता तर लाटांचा जोर त्याच्यातच जिरला असता; तो नसल्याने खुल्या समुद्राच्या लाटा सज्जाची कड वाकवत राहिल्या. आडोसा गेल्यावर मागच्या हिमनद्यांचा वेग कित्येक पटींनी वाढला.

निसर्गाने हा प्रयोग पुन्हा करून दाखवला. २०११ साली त्याच उपसागरात सागरी बर्फ किनाऱ्याला घट्ट चिकटून राहिला. हिमनद्यांची टोके सावरली, पुढे सरकली. जानेवारी २०२२ मध्ये तो फुटला आणि ती टोकेही पाठोपाठ तुटू लागली.

खालूनही राखण असते. समुद्र गोठताना मीठ बाहेर टाकतो. ते थंड, जड पाणी तळाशी उतरते आणि खोलवरच्या उबदार पाण्याला सज्जाखाली शिरण्यास अटकाव करते. गोठणे कमी झाले की ही वाट मोकळी होते.

गोव्यातल्या खाजन शेतीचा ज्यांना परिचय आहे त्यांना हे नवे वाटणार नाही. खारफुटी लाट मोडते, म्हणून बांध टिकतो; बांध टिकतो, म्हणून शेत राहते.

फेब्रुवारी २०२३ मध्ये अंटार्क्टिकाभोवतीचा सागरी बर्फ सुमारे १८ लाख चौरस किलोमीटरवर आला. उपग्रहांच्या नोंदीतला तोवरचा तो नीचांक. तरंगता बर्फ वितळल्याने समुद्र फारसा चढत नाही, हे खरे. पण त्याने अडवून धरलेला बर्फ जमिनीवरचा आहे. तो उतरला, तर चढलेले पाणी आपल्याही किनाऱ्याला लागेल.