दुरून दिलेला हुकूम

लकडगंज म्हटले की नागपूरकराच्या नाकाला आधी सागवानाचा वास येतो. लाकडाच्या टाली, आरा यंत्रांची कर्कश किर्र, रस्त्यापर्यंत उडून आलेला भुसा, असा हा भाग. येथे अवरक्त किरणांची कथा कशाला, असे वाचक विचारतील. पण ज्या गावी २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ अंशांवर गेला, त्या गावी वरच्या मजल्यावर एकट्या पडलेल्या आजीचा एसी दुपारी दोन वाजता चालू आहे की नाही, हा प्रश्न काही शौकाचा नव्हे. खाली दुकानात गिऱ्हाईक, वर आजी, आणि आजीला रिमोटची बटणे धड दिसत नाहीत. अशा वेळी घरातला कॉलेजात जाणारा नातू म्हणतो, “एक लहानसा संगणक ठेवू, त्यावर लिनक्स चालवू आणि यूएसबीला एक अवरक्त प्रक्षेपक जोडू. तो वेळच्या वेळी हुकूम देत जाईल.” हुकूम जाईल यात शंका नाही. तो पाळला गेला की नाही हे कोण सांगणार? मेख आहे ती येथे, आणि ती आजकालची नव्हे.

दुरून वारा घेण्याची हौस आपल्याकडे जुनी आहे. साहेबाच्या बंगल्यात छताला पंखा टांगलेला असे, त्याची दोरी भिंतीपलीकडे पडवीत बसलेल्या पंखेवाल्याच्या हाती. दारांना वाळ्याचे पडदे, त्यांवर पाणी मारायला आणखी एक माणूस. त्या व्यवस्थेत माणुसकी किती होती हा निराळा विषय; पण तिच्यात एक सोय होती. पंखेवाल्याला डुलकी लागली की वारा थांबे, आणि साहेबाला ते तत्काळ कळे.

या कथेतला किरण सापडला तो इंग्लंडात, १८०० साली. ज्योतिषी विल्यम हर्शेल याने लोलकातून उन्हाचे रंग पाडले आणि प्रत्येक रंगात उष्णतामापक ठेवला. तांबड्याच्या पलीकडे, जेथे डोळ्याला काहीच दिसत नव्हते, तेथे पारा सर्वांत वर चढला! न दिसणारा हा प्रकाश म्हणजेच अवरक्त किरण. पुढे १८९५ च्या सुमारास कलकत्त्यात जगदीशचंद्र बसूंनी अदृश्य विद्युत्‌लहरी भिंतीपार पाठवून घंटी वाजवून दाखविली. तारेवाचून दुरून काम करवून घेता येते, हे आपल्या देशातल्या लोकांनी त्या वेळी डोळ्यांनी पाहिले.

घरात मात्र हा चमत्कार शिरला तो अमेरिकेत, दूरचित्रवाणीचा हात धरून. झेनिथ कंपनीच्या यूजीन पॉली याने १९५५ साली प्रकाशाचा झोत टाकणारे हत्यार केले. संचाच्या चार कोपऱ्यांत प्रकाश ओळखणारे चार डोळे. गंमत अशी की खिडकीतून ऊन आले तरी संच आपोआप चालू बंद होई. नागपुरात तर तो संच दिवसभर वेड्यासारखा वागला असता. पुढच्याच वर्षी त्याच कंपनीच्या रॉबर्ट ॲडलरने कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनीचा उपाय काढला. बटण दाबले की आत छोटी हातोडी धातूच्या कांडीवर बसे. बॅटरी लागतच नसे. ही पद्धत वीसएक वर्षे टिकली आणि मग अवरक्त किरणांचे राज्य आले. आपल्या मुंबईत दूरदर्शन सुरू झाले ते १९७२ च्या गांधी जयंतीला. रिमोट मराठी घरांत रुळायला त्यापुढे बराच काळ जावा लागला.

पॉलीला छळणारे ऊन या वेळी कसे आवरले? युक्ती साधी आहे. रिमोटचा दिवा सलग जळत नाही, सेकंदाला सुमारे अडतीस हजार वेळा लुकलुकतो. घेणारा डोळा तेवढ्याच लुकलुकीकडे लक्ष देतो. ऊन कितीही प्रखर असले तरी ते लुकलुकत नाही. त्या लुकलुकीचे लहानमोठे तुकडे करून मजकूर पाठवितात. कंपन्यांच्या लिप्या अर्थातच वेगवेगळ्या: जपानच्या एनईसीची एक, फिलिप्सची छत्तीस हजारांवर चालणारी दुसरी.

या लिप्यांचा कोश कोणा कंपनीने नव्हे, लोकांनी केला. लिनक्स ही लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली आरंभिलेली, सर्वांना खुली प्रणाली. तिच्यासाठी नव्वदीच्या दशकात ‘लिर्क’ नावाचा उपक्रम निघाला. ठिकठिकाणच्या लोकांनी आपापल्या घरचा रिमोट संगणकापुढे धरला, त्याचे एकेक बटण टिपले आणि ती टिपणे सर्वांसाठी ठेवून दिली. केतकरांच्या ज्ञानकोशाचे मंडळ मुळात या नागपुरातच स्थापन झाले, तेव्हा असल्या खटाटोपाचे मोल आपल्याला वेगळे सांगायला नको. २०१० पासून ही विद्या लिनक्सच्या गाभ्यातच आली, आणि आज ‘आयआर-सीटीएल’ या छोट्या हत्याराने हुकूम टिपताही येतो, धाडताही येतो.

आता बाजाराकडे. स्वस्त यूएसबी उपकरणांपैकी बरीचशी नुसती ऐकतात, बोलत नाहीत. घेताना पहिली खात्री हीच करावी. मायक्रोसॉफ्टच्या मीडिया सेंटरसाठी निघालेली उपकरणे लिनक्स ओळखते. ती सेकंदाच्या वीसहजाराव्या भागापर्यंत मोजतात, आणि एनईसीच्या लिपीतला सर्वांत लहान तुकडा त्याच्या अकरापट असल्याने तेवढी बारकाई पुरते. इग्वानावर्क्सच्या प्रक्षेपकाचा चालकही २०१२ साली लिनक्सच्या गाभ्यात आला. दिव्याचा जोर पाहावा, कारण हा किरण भिंत ओलांडत नाही आणि लकडगंजातला भुसा काचेवर बसला की आणखी अडखळतो. प्रत्येक खोलीला निराळा दिवा लागेल. मला यात उणे काही वाटत नाही. शेजाऱ्याचा एसी तरी आपल्या हुकुमाने चालणार नाही.

पण खरी पारख निराळीच आहे. टीव्हीच्या बटणाचा हुकूम बहुधा ‘उलट कर’ एवढाच असतो: चालू असेल तर बंद, बंद असेल तर चालू. रिमोटच्या कूलरचेही पुष्कळदा तसेच. वीज जाऊन आली, कूलर कोणत्या स्थितीत आहे हे संगणकाला ठाऊक नाही, आणि त्याने ठरल्या वेळी हुकूम सोडला, तर चालू झालेला कूलर तो निमूटपणे बंद करील! एसीचा रिमोट सहसा शहाणा असतो. तो दर वेळी पूर्ण वाक्य बोलतो, ‘चालू, थंडावा, सव्वीस अंश, पंखा मध्यम’. ते वाक्य दहादा सांगितले तरी बिघडत नाही. मात्र ते लांबलचक असते, म्हणून ते अख्खे पाठविता येते की नाही हे प्रक्षेपक घेण्यापूर्वी करून पाहावे.

आणि एवढे करूनही किरण एकमार्गीच राहतो. एसीकडून उलट टपाल येत नाही. म्हणून माझे मत असे की प्रक्षेपकाइतकाच पैसा आजीच्या खोलीतल्या एका उष्णतामापकावर खर्च करावा, हर्शेलने केले तसेच. हुकूम गेल्यावर अर्ध्या तासात पारा उतरला नाही तर संगणकाने हुकूम पुन्हा सोडावा. तरीही उतरला नाही तर खाली दुकानात घंटी वाजवावी, आणि गल्ला सोडून कोणीतरी जिना चढावा.