जुन्या यंत्राचें मोल

नव्या वस्तूची किंमत दुकानदार सांगतो. जुन्या वस्तूची किंमत खात्रीनें सांगावयास कोणीच पुढें येत नाहीं. ती विकणारास कमी वाटते, घेणारास जास्त वाटते, आणि मध्यें जो दलाल उभा असतो तो ती जाणूनहि बोलत नाहीं. हा अनुभव पूर्वी बैलाच्या बाजारांत येत असे. गेल्या हिंवाळ्यांत तो मला माझ्या टेबलावरच आला.

सांगलीच्या घरीं माझ्याजवळ एक छोटें वर्कस्टेशन होतें. आकारानें तें एखाद्या जाड शब्दकोशाएवढें, परंतु नकाशे, आराखडे व हजारों छायाचित्रें एकाच वेळीं हाताळील इतक्या ताकदीचें. मोडी कागदपत्रांच्या छायाप्रति लावण्यासाठीं मीं तें २०२० सालीं सुमारें एक लाख रुपयांस घेतलें. काम संपलें, तेव्हां यंत्रहि दुसऱ्याच्या उपयोगीं पडावें म्हणून विकावयास काढलें. भंगारवाल्यानें तें हातांत तोलून पाहिलें. हिशेबनीस स्नेह्यानें प्राप्तिकराचा नियम सांगितला : २०१७-१८ या वर्षापासून संगणकाचें मूल्य दरसाल शेंकडा ४० नें घटलेलें धरावें. या रीतीनें लाखाचे पहिल्या वर्षी ६०,००० व पांचव्या वर्षाअखेर ७,७७६ रुपये उरतात. एका व्यापाऱ्यानें मात्र क्षणाचाहि विचार न करतां २४,००० देऊं केले. एकाच वस्तूचीं इतकीं निरनिराळीं मोलें ऐकून माझ्यांतला इतिहासाचा शिक्षक जागा झाला.

वापरानें मोल किती घटावें, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. धुतलेल्या वस्त्राचें मोल किती घटतें, याचें कोष्टकच नारदस्मृतींत दिलें आहे. एकदां धुतलेल्या वस्त्राचा अष्टमांश घटतो, दोनदां धुतलेल्याचा चतुर्थांश, तीनदां धुतलेल्याचा तृतीयांश व चारदां धुतलेल्याचें निम्में मोल जातें. त्यापुढें क्रमाक्रमानें पाव भाग कमी करीत जावें. पण वस्त्र जीर्ण झालें म्हणजे घटीचा नियम उरत नाहीं. प्राप्तिकराच्या कोष्टकाचा हा पूर्वजच नव्हे काय? परंतु स्मृतिकाराचा सूक्ष्मपणा मला अधिक वाटतो. त्यानें वर्षें मोजलीं नाहींत, धुणीं मोजलीं; आणि नियम कोठें थांबतो हेंहि प्रामाणिकपणें सांगितलें.

आमच्या सातारा-सांगलीकडच्या शेतकऱ्यास असें कोष्टक कधींच लागलें नाहीं. हा मुलूख एकमेकांत गुंतलेला. साताऱ्याचे कांहीं तालुके व विलीन झालेलीं संस्थानें मिळून १९४९ सालीं दक्षिण सातारा जिल्हा झाला, आणि १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. खिलार बैलांच्या एका प्रकारास साताऱ्याकडील म्हसवडचें, तर दुसऱ्यास सांगलीकडील आटपाडीचें नांव आहे. खरसुंडीच्या यात्रेंत बैल पाहणारा जाणता मनुष्य प्रथम बैलाचें तोंड उघडतो : दोनदाती, चारदाती, सहादाती कीं जुळलेला? मग तो त्यास चालवून पाहतो, खांद्यावर हात फिरवितो, खूर पाहतो. आणि शेवटीं रुमालाखालीं बोटें दाबून सौदा होतो. बैल पूर्वी केवढ्यास घेतला होता, हें त्यास नको असतें. त्यास हवी असते ती बैलाच्या अंगांत उरलेली नांगरट. जुळलेल्या बैलाचे दांत मोजून मात्र वय कळत नाहीं. तेथेंहि नारदाप्रमाणेंच नियम संपतो व पारख सुरू होते.

संगणकालाहि दांत असतात. त्याची डिस्क किती तास चालली याची नोंद तिच्याच पोटांत सांपडते. जड काम देऊन अर्धा तास चालविला म्हणजे पंखा व उष्णता आपण होऊन बोलूं लागतात. एक गोष्ट मात्र बैलाला लागू नाहीं. विंडोज १० या प्रणालीस मिळणारा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबला, आणि तिच्या मागून आलेली विंडोज ११ साधारणतः २०१७ पूर्वीच्या प्रोसेसरांस स्वीकारीत नाहीं. बैल धडधाकट असतां त्याचा रस्ताच बंद व्हावा, तसें या यंत्रांचें झालें. त्यामुळें दोनतीन वर्षांच्या अंतरानें जन्मलेल्या दोन सारख्या पेट्यांच्या मोलांत फार तफावत पडते. माझें यंत्र सुदैवानें या रेषेच्या अलीकडचें होतें.

परंतु व्यापाऱ्याच्या २४,००० चा उलगडा यानें होत नव्हता. तो मला किर्लोस्करवाडीच्या इतिहासांत सांपडला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं औंध संस्थानांत, कुंडल रोड स्टेशनाशेजारच्या माळावर आपला कारखाना उभारला. लोखंडी नांगरानें जमीन विषारी होते, अशी त्या काळीं पुष्कळ शेतकऱ्यांची समजूत होती. अशा गिऱ्हाइकास नुसती किंमत सांगून भागत नसे. नांगराबरोबर विकणाऱ्याचा शब्दहि विकावा लागे. रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक भाऊराव पाटील हे कांहीं काळ हे नांगर विकण्यासाठीं गांवोगांव हिंडले, ही गोष्ट या दृष्टीनें लक्षांत ठेवण्यासारखी आहे. पुढें पहिल्या महायुद्धांत कच्चें लोखंड मिळेनासें झालें. तेव्हां लक्ष्मणरावांनीं कोल्हापूरच्या शाहू महाराजांकडून जुन्या तोफा मिळविल्या व त्या वितळवून त्यांचे नांगर केले. ज्या तोफांस तोफ म्हणून कोणी विचारीत नव्हतें, त्यांस टंचाईनें लोखंड म्हणून मोल आणलें.

माझ्या पेटींतहि अशीच एक तोफ दडलेली होती. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड संगणकगृहांनीं मागणी वाढविल्यामुळें रॅमचे भाव जगभर भराभर चढले. व्यापाऱ्यास माझें यंत्र नको होतें. त्यांतील रॅम काढून विकावयाची होती. जड काम करतांना पंखा मोठ्यानें वाजतो, असें मीं त्यास सांगितलें, तेव्हां तो हंसला. ज्यास यंत्र फोडावयाचें, त्यास पंख्याच्या आवाजाचें काय?

याच सुमारास माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची कन्या घरीं आली. तिला घरबसल्या इमारतींचे आराखडे काढण्याचें काम मिळूं लागलें होतें. नवें यंत्र आवाक्याबाहेर होतें. आतां किंमत मला ठरवावी लागली. तिचें काम करील असें नवें यंत्र ५६,००० रुपयांस मिळत होतें. अशा यंत्राचें उपयुक्त आयुष्य आठ वर्षें धरलें, तर माझ्या यंत्राचीं तीन उरलीं. ५६,००० चे तीन अष्टमांश म्हणजे २१,०००. पंख्याबद्दल व हमी नसल्याबद्दल तीन हजार वजा केले, राहिले १८,०००. व्यापाऱ्याच्या भावाहून सहा हजार कमी!

हे सहा हजार सोडावयाचे कीं काय, यावर मीं दोन रात्री विचार केला; प्राध्यापकाच्या घरीं ती रक्कम लहान नसते. तोफेचा नांगर झाला त्यांत कोणाचें कांहीं बुडालें नाहीं, कारण तोफेचें काम संपलेलें होतें. माझ्या यंत्राचें संपलेलें नव्हतें. चालता बैल खाटकास अधिक पैसे मिळतात म्हणून देणें आमच्या आजोबांच्या पिढींतील शेतकऱ्यास जड जात असे, आणि त्या संकोचाला केवळ भाबडेपणा म्हणण्यास मी तयार नाहीं. मीं १८,००० सांगितले. हें मुलीवर उपकार म्हणून नव्हे. माझ्या मनाच्या समाधानाची जी किंमत होती ती मीं भरली, इतकेंच.

पंख्याची गोष्ट तिला सांगितली, हेंहि औदार्य नव्हे. जॉर्ज अकेरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १९७० सालीं जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. २००१ सालच्या नोबेल पारितोषिकांत त्याचा वांटा होता. दोष विकणारास ठाऊक व घेणारास अज्ञात असला, म्हणजे घेणारा प्रत्येक वस्तु सदोष समजूनच भाव करतो. मग चांगल्या वस्तूचा मालक बाजारांतून निघून जातो, आणि मागें रद्दड माल उरतो, असा त्याचा विचार आहे. यावर आपल्या याज्ञवल्क्यानें तोड काढून ठेवली होती ती परीक्षेच्या मुदतीची : बियाण्यास दहा दिवस, लोखंडास एक, ओझें वाहणाऱ्या जनावरास पांच, रत्नास सात, दुभत्या जनावरास तीन. त्याच यादींत दासदासींनाहि मुदत आहे, हें वाचून मान खालीं जाते. पण मालाच्या परीक्षेचें तत्त्व पक्कें आहे.

संगणक यांपैकीं कोणत्या वर्गांत घालावा? धातूचा म्हणून एक दिवस, कीं ओझें वाहतो म्हणून पांच? मीं पांच दिले.

पांचव्या दिवशीं ती पैसे घेऊन आली. "सर, यंत्र उत्तम चालतें," ती म्हणाली, "आणि पंखा आतां वाजत नाहीं. मीं उघडून पाहिलें, आंत नुसती धूळ होती. त्याचे कापलेले पैसे तुम्हांला परत देऊं का?"

ती धूळ पांच वर्षें माझ्याच अभ्यासिकेंत जमली होती. दोष विकणारास ठाऊक असतो असें मी नुकतेंच वाचलें होतें. तो नीट ठाऊक असतोच असें नाहीं, हें त्या मुलीनें शिकविलें. मीं तिला सांगितलें, "बाळ, ठरलें तें ठरलें. साफसफाईची मजुरी समज." आणि १८,००० मोजून घेतले.