वडापाव आणि बर्गर: मुंबईच्या झटपट खाण्याचा बदलता इतिहास

परदेशी बर्गर मुंबईत पोहोचला तेव्हा या शहराचे स्वतःचे झटपट खाणे तीस वर्षांचे झाले होते. १९६६च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी बटाटेवडा पावात घालून विकायला सुरुवात केली, असे मानले जाते. बटाटेवडा जुनाच, पाव पोर्तुगिजांमुळे गोव्यात रुजलेला आणि गोवेकर व इराणी बेकऱ्यांमुळे मुंबईत घरोघरी पोहोचलेला. लसणाची सुकी चटणी आणि तळलेली मिरची यांसह हे दोन्ही एकत्र आले आणि गिरणी कामगाराला उभ्या उभ्या, एका हातात धरून खाता येईल असे स्वस्त अन्न मिळाले. मराठी तरुणांनी वडापावच्या गाड्या टाकाव्यात यासाठी शिवसेनेने पाठबळ दिले. १९८२च्या गिरणी संपानंतर रोजगार गेलेल्या अनेकांना याच धंद्याने आधार दिला.

१९९१च्या आर्थिक उदारीकरणाने परदेशी साखळ्यांना दार उघडले. केएफसी १९९५मध्ये बंगळुरूत आली आणि तिला कर्नाटकातील एका शेतकरी संघटनेच्या तीव्र विरोधाला तोंड द्यावे लागले. मॅकडॉनल्ड्सने ऑक्टोबर १९९६मध्ये दिल्लीच्या वसंत विहारात पहिले दुकान उघडले. त्याच सुमारास मुंबईत वांद्र्यालाही ते सुरू झाले. भारतात पाय रोवण्यासाठी या कंपनीला आपला मूळ पदार्थच बाजूला ठेवावा लागला. गोमांस आणि डुकराचे मांस वगळले गेले, शाकाहारी व मांसाहारी पदार्थांची स्वयंपाकघरे वेगळी झाली, अंड्याविना मेयॉनीज तयार झाले. सर्वाधिक लोकप्रिय ठरलेल्या मॅकआलू टिक्कीत तर मसालेदार बटाटाच पावात बसला. वडापावने आधीच रुजवलेली चव जगातल्या बलाढ्य साखळीला स्वीकारावी लागली.

उलट दिशेने आलेला प्रभाव चवीपेक्षा कामाच्या पद्धतीवर अधिक होता. प्रत्येक दुकानात तोच आकार, तीच चव आणि तीच स्वच्छता देण्यासाठी शेतापासून काउंटरपर्यंत शीतसाखळी उभारावी लागते. मॅकडॉनल्ड्ससाठी तळेगावच्या परिसरात आइसबर्ग लेट्यूस पिकू लागले, बारामतीच्या डेअरीतून चीज जाऊ लागले, गुजरातेत फ्रेंच फ्राइजला योग्य अशा बटाट्याच्या जातींची लागवड वाढली.

हीच पद्धत मराठी पदार्थाच्या विक्रीतही उतरली. २००१मध्ये जम्बोकिंग या वडापावच्या साखळीने मालाडला आणि २००४मध्ये गोली या दुसऱ्या साखळीने कल्याणला सुरुवात केली. ठरलेल्या वजनाचा वडा, कागदी वेष्टन, गणवेशातील कर्मचारी आणि फ्रँचायझी ही सारी रचना बर्गरच्या दुकानांकडून घेतलेली होती. गोलीने तर कारखान्यात यंत्रावर घडवलेले, गोठवलेले वडे दुकानांत पोहोचवून फक्त तळण्याचे काम तिथे ठेवले. चीज, शेजवान, मेयॉनीज असे प्रकार फलकांवर आले आणि पुढे ते रस्त्यावरच्या गाड्यांवरही दिसू लागले.

तरीही गाडी मागे पडली नाही. तिला भाडे कमी, भांडवल थोडे. वडा गिऱ्हाइकासमोर कढईतून निघतो आणि किंमत दुकानातल्या बर्गरपेक्षा बरीच कमी राहते. शिवाय प्रत्येक गाडीची चटणी वेगळी असते. साखळीचा सारा भर एकसारखेपणावर असल्याने नेमके हे वैविध्य तिला परवडत नाही. म्हणून मुंबईत दोन्ही व्यवस्था शेजारी शेजारी टिकल्या: साखळीने स्थानिक चव उचलली, स्थानिक उद्योजकाने साखळीचे तंत्र उचलले आणि वडापावच्या चवीतली विविधता मात्र गाडीवाल्यांनीच जपली.